विरळ हवा आणि सायकलस्वार

गेल्या हिवाळ्यात आमच्या शाळेच्या क्रीडामहोत्सवात सायकलींची शर्यत झाली. आणि ती संपून बक्षिसे वाटली जाण्याच्या आधीच नववीच्या दोन विद्यार्थ्यांत एक वाद उपस्थित झाला. एकाचे म्हणणे असे की, उंच पर्वतावर हवा विरळ असते, तिचा अडथळा कमी. तेव्हा तेथे सायकल अधिक वेगाने धावली पाहिजे. दुसऱ्याचे म्हणणे असे की, हवा विरळ म्हणजे प्राणवायू कमी; तेव्हा स्वाराला धाप लागून तो मागे पडला पाहिजे. वाद काही केल्या मिटेना, तेव्हा दोघेही आमच्याकडे न्याय मागावयास आले. आम्ही पडलो भाषेचे शिक्षक. पदवी कलाशाखेची, आणि पदार्थविज्ञानाशी सहवास शाळेतल्या शेवटच्या परीक्षेपुरताच. "उद्या या," असे सांगून आम्ही वेळ मारून नेली, आणि मग बरेच दिवस ग्रंथालयाची व विज्ञानाच्या शिक्षकांची आराधना करीत बसलो. त्या आराधनेतून जे हाती लागले ते येथे मांडीत आहोत. प्रारंभीच सांगून टाकावयाचे तर, दोन्ही मुलांचे म्हणणे खरे होते. विरळ हवा सायकलस्वाराला एका हाताने देते आणि दुसऱ्या हाताने त्याच्यापासून काढून घेते. कोणता हात केव्हा जड होतो, एवढाच काय तो प्रश्न.

विरळ हवा म्हणजे काय, याविषयी पुष्कळांचा एक गैरसमज असतो, आणि तो आमचाही होता. उंचावरील हवेत प्राणवायूचे प्रमाण कमी असते, असे आपण सहज बोलून जातो. वास्तविक तसे नाही. मांडवीच्या काठी काय किंवा हिमालयाच्या शिखरावर काय, हवेच्या शंभर भागांत प्राणवायूचे भाग सुमारे एकवीसच असतात. बदलतो तो दाब. कापसाच्या गाद्यांची चळत रचली म्हणजे सर्वांत खालची गादी चेपून जाते आणि वरची फुगलेली राहते, हे आपण लग्नघरात पाहतो. हवेच्या थरांचेही तसेच आहे. समुद्रकाठी डोक्यावर हवेचे सर्व थर असतात. तेथला दाब पाऱ्याच्या ७६० मिलिमीटर उंचीच्या स्तंभाएवढा. मेक्सिको शहर समुद्रसपाटीपासून सुमारे २,२४० मीटर उंचीवर आहे. तेथे हाच दाब ५८० मिलिमीटरच्या आसपास उतरतो. त्यातला प्राणवायूचा एकपंचमांश वाटा वेगळा काढला, तर समुद्रकाठी तो सुमारे १५९ आणि मेक्सिकोत सुमारे १२२ मिलिमीटर भरतो. हा वाटाच प्राणवायूला फुप्फुसातून रक्तात ढकलीत असतो. ढकलणारा दुर्बळ झाला की रक्तात उतरणारा प्राणवायूही कमी झाला.

याचा प्रत्यय आम्हांस एकदा स्वतःच्या देहावर आला. २०१७ साली आम्ही रोहतांग खिंडीत गेलो होतो. उंची ३,९७८ मीटर, आणि तेथला दाब समुद्रकाठच्या जवळजवळ तीनपंचमांश. मोटारीतून उतरून, बर्फाच्या एका लहानशा चढणीवर मुलाबाळांच्या उत्साहाने आम्ही दहावीस पावले धावलो, आणि मग तोंड उघडे टाकून एका दगडावर बसलो ते बराच वेळ उठलोच नाही. समुद्रकाठी जन्मलेल्या माणसाने समुद्राचा निरोप इतक्या घाईने घेऊ नये, असे त्या वेळी वाटले. शेजारी एक पहाडी मनुष्य पाठीवर लाकडाचा भारा घेऊन, कोणाशी तरी बोलत बोलत, त्याच चढणीने वर गेला.

आता शर्यतीच्या स्वाराकडे वळू. सायकल दीर्घकाळ वेगाने चालवावयाची म्हणजे स्नायूंना प्राणवायूचा अखंड पुरवठा हवा. शरीर एका मिनिटात जास्तीत जास्त किती प्राणवायू वापरू शकते, यावरच अशा स्वाराची बरीचशी योग्यता अवलंबून असते. समुद्रसपाटीपासून वर जाऊ लागले की ही मर्यादा घटू लागते. कसलेल्या खेळाडूंच्या बाबतीत दर हजार मीटरमागे साधारण सहा ते सात टक्के. येथे एक आश्चर्य आहे. जो जितका कसलेला, त्याला फटका तितका अधिक बसतो. सामान्य माणसाला सहाशेसातशे मीटरपर्यंत काही जाणवतही नाही; पण अव्वल दर्जाच्या स्वाराची शक्ती तेवढ्या उंचीवरही मोजण्याइतकी घटलेली असते. कारण असे की, त्याचे हृदय विलक्षण बलवान असते आणि भर शर्यतीत ते रक्ताला इतक्या वेगाने फिरविते की फुप्फुसातील बारीक रक्तवाहिन्यांतून जाताना त्या रक्ताला प्राणवायू पुरता भरून घेण्यास सवड मिळत नाही. समुद्रकाठी हवेचा दाब भरपूर असल्याने ही घाई निभावून जाते. दाब उतरला की ती उघडी पडते.

हे झाले काढून घेणाऱ्या हाताविषयी. देणारा हात समजावयास मात्र आपणांस रोहतांगपर्यंत जावयास नको. तिसऱ्या प्रहरी रायबंदरच्या पाटोवरून पणजीकडे सायकल हाकीत आलेला प्रत्येक विद्यार्थी त्याला ओळखतो. समुद्रावरून वारा सुटलेला असतो, रस्ता सपाट, आणि तरीही पायडल एखाद्या घाटात असल्यासारखे जड झालेले. तो वारा नसला तरी स्वार स्वतः पुढे जात असतो, म्हणून स्थिर हवाही त्याच्या अंगावर वाऱ्यासारखी येतच असते. सपाट मार्गावर ताशी पन्नास किलोमीटर वेगाने जाणाऱ्या स्वाराच्या शक्तीचे दहांपैकी सुमारे नऊ भाग केवळ हवा बाजूला सारण्यात खर्च होतात. टायरचे घर्षण, साखळीचे घर्षण, हे सारे उरलेल्या एका भागात येते. म्हणूनच शर्यतीचे स्वार पाठ वाकवून, कोपरे आत घेऊन, जणू एखाद्या बुटक्या दारातून शिरत असल्यासारखे बसतात.

येथे थोडे गणित केल्यावाचून पुढे जाता येणार नाही. विज्ञानाच्या शिक्षकांनी ते आम्हांस खडूने मेजावरच करून दाखविले. वेग दुप्पट केला तर हवेचा अडथळा चौपट होतो, आणि तो चौपट अडथळा दुप्पट वेगाने दूर सारावयाचा असल्यामुळे लागणारी शक्ती आठपट होते. म्हणजे शक्ती ही वेगाच्या घनाच्या प्रमाणात लागते. मेक्सिको शहराच्या उंचीवर हवेची घनता समुद्रकाठच्या सुमारे ८० टक्के असते. समजा, आपल्या स्वाराने तेथे काही आठवडे राहून सवय करून घेतली, आणि तरीही त्याची शक्ती १०० वरून ८८ वर आली. आता ८८ ला ८० ने भागावे, उत्तर १.१ येते. त्याचे घनमूळ १.०३ हून किंचित जास्त. म्हणजे स्वार दुबळा झाला, पण त्याचा वेग सुमारे तीन टक्क्यांनी वाढला! तासाला अठ्ठेचाळीस किलोमीटर जाणारा आता साडेएकोणपन्नासच्या जवळ जाईल. पहिल्या मुलाचा पक्ष येथे जिंकला असे म्हणावयास हरकत नाही.

पळणाऱ्या माणसाला हा लाभ जवळजवळ मिळत नाही, कारण त्याचा वेग इतका थोडा की हवेचा अडथळा त्याला फारसा छळीतच नाही. १९६८ साली मेक्सिको शहरात ऑलिंपिक सामने झाले, तेव्हा हा भेद साऱ्या जगाला दिसला. लांब उडीत अमेरिकेच्या बॉब बीमन याने ८.९० मीटरची अचाट उडी मारली. त्या एका क्षणात प्राणवायूचा प्रश्नच नव्हता. पण १०,००० मीटरच्या धावेत केनियाचा नफ्ताली तेमू जिंकला, आणि ज्याच्या नावावर त्या अंतराचा जागतिक उच्चांक होता तो ऑस्ट्रेलियाचा रॉन क्लार्क सहावा येऊन अंतिम रेषेपाशी कोसळला. केनियाची पठारे उंचावर आहेत. क्लार्कचे मेलबर्न समुद्रकाठी. सायकलींच्या वर्तुळमार्गावर मात्र त्याच शहरात त्याच दिवसांत फ्रान्सच्या प्येर त्राँतें याने एक किलोमीटर १ मिनिट ३.९१ सेकंदांत कापून नवा जागतिक उच्चांक केला.

सायकलच्या शर्यतींत 'एका तासाचा उच्चांक' म्हणून एक प्रकार आहे, आणि आमच्या विषयाचे मर्म त्याच्या इतिहासात जितके स्पष्ट दिसते तितके अन्यत्र दिसत नाही. नियम अगदी साधा. वर्तुळमार्गावर एकट्याने साठ मिनिटे सायकल चालवावयाची आणि किती अंतर गेले ते मोजावयाचे. पुढे प्रतिस्पर्धी नाही, मागे सोबती नाही. १८९३ साली पॅरिस येथे हेन्री देग्रांज याने ३५.३२५ किलोमीटर अंतर कापले. याच गृहस्थाने पुढे १९०३ मध्ये 'तूर द फ्रान्स' ही जगप्रसिद्ध शर्यत सुरू केली. त्यानंतर पाऊणशे वर्षे हा उच्चांक बहुतांशी युरोपातील सखल शहरांतच पुढे पुढे सरकत राहिला. १९६७ मध्ये बेल्जमच्या फेर्डी ब्राक याने रोम येथे ४८.०९३ किलोमीटर केले. मग पुढच्याच वर्षी डेन्मार्कच्या ओले रिटर याने मेक्सिको शहर गाठले आणि तेथल्या विरळ हवेत ४८.६५३ किलोमीटर केले. तेव्हापासून तासाच्या उच्चांकाबरोबर स्थळाची उंचीही वाचावी लागते.

रिटरच्या मागोमाग आला एडी मर्क्स. बेल्जमच्या या स्वाराने 'तूर द फ्रान्स' पाच वेळा जिंकली आणि पुष्कळ जाणते लोक आजही त्याला सर्वश्रेष्ठ मानतात. १९७२ साली मेक्सिकोस जाण्यापूर्वी त्याने घरीच, एका जागी बसविलेल्या सायकलवर, तोंडाला नळी लावून कमी प्राणवायूच्या हवेत श्वास घेण्याचा सराव केला होता. २५ ऑक्टोबरला तो मार्गावर उतरला आणि पहिल्या मिनिटापासून असा सुटला की वाटेत दहा व वीस किलोमीटरचेही उच्चांक मोडून गेला. शहाणपण याला म्हणता येणार नाही. समुद्रकाठी प्रारंभी केलेली उधळपट्टी काही अंशी भरून काढता येते. विरळ हवेत ती सावकाराच्या कर्जासारखी अंगावर बसते. एका तासानंतर अंतर भरले ४९.४३१ किलोमीटर. उच्चांक झाला, पण मर्क्सला सायकलवरून उतरणेही कठीण गेले, आणि आपल्या आयुष्यातील ती सर्वांत कठोर परीक्षा असल्याचे तो पुढे सांगत असे. त्याने तो प्रयत्न पुन्हा केला नाही.

१९८४ च्या जानेवारीत इटलीच्या फ्रान्चेस्को मोझेर याने मेक्सिको शहरातच चार दिवसांच्या अंतराने ५०.८०८ आणि ५१.१५१ किलोमीटर केले. त्याच्या सायकलीची चाके तारांची नसून थाळीसारखी भरीव होती. पुढे नाना आकारांच्या सायकली व नाना प्रकारच्या बैठकी निघाल्या आणि माणूस कोण व यंत्र कोण हे कळेनासे झाले. तेव्हा सायकलींच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २००० साली असे ठरविले की, हा उच्चांक मर्क्सच्या धर्तीच्या साध्या सायकलीवरच व्हावा. त्याच वर्षी इंग्लंडच्या ख्रिस बोर्डमन याने तशा सायकलीवर मँचेस्टर येथे ४९.४४१ किलोमीटर केले. म्हणजे मर्क्सपेक्षा केवळ दहा मीटर अधिक! आमच्या शाळेच्या व्हरांड्याहूनही हे अंतर कमी. पण मर्क्सचा तास विरळ हवेतला आणि बोर्डमनचा मँचेस्टरच्या दाट हवेतला. श्रेष्ठ कोण? दाट हवेत तेवढेच अंतर कापणाऱ्याच्या पदरी काही अधिक माप टाकावे, असे आमचे मत. परंतु मधल्या अठ्ठावीस वर्षांत सरावाचे शास्त्र, टायर आणि कपडे किती सुधारले, हे ध्यानी घेतले की ते मत फार आग्रहाने मांडवत नाही.

हा साधेपणाचा नियम २०१४ मध्ये सैल करण्यात आला, आणि उच्चांकांची पुन्हा रीघ लागली. २०१५ च्या जूनमध्ये ब्रिटनच्या ब्रॅडली विगिन्स याने लंडन येथे ५४.५२६ किलोमीटर केले, पण त्या दिवशी नेमका तेथला वातावरणाचा दाब चढलेला होता, आणि त्यामुळे त्याच्या हातून काही शे मीटर निसटले असे जाणकारांनी म्हटले. स्थळ न बदलताही केवळ हवामानाने हवा दाट होते, ती अशी. उलट, हवा तापली की ती विरळ होते. म्हणून बंदिस्त मार्गावर असा प्रयत्न करताना सभागृह मुद्दाम उबदार ठेवतात. उकाडा स्वाराला नको असतो, पण सायकलला हवा असतो, आणि मध्यम मार्ग दोघांनाही थोडा जाचक होतो. २०१९ मध्ये बेल्जमच्या व्हिक्टर कांपेनार्ट्स याने मेक्सिकोतील आग्वासकालियेन्तेस या गावी, सुमारे १,९०० मीटर उंचीवर, ५५.०८९ किलोमीटर केले. त्यापुढचा मोठा उच्चांक मात्र सखल प्रदेशातलाच. ८ ऑक्टोबर २०२२ रोजी इटलीच्या फिलिप्पो गान्ना याने स्वित्झर्लंडमधील ग्रेंखेन येथे, साडेचारशे मीटरच्या आसपास उंचीवर, ५६.७९२ किलोमीटर अंतर कापले. गान्ना धिप्पाड, त्याच्याजवळची शक्तीच एवढी की ती गमावून उंची विकत घेण्याची त्याला गरज पडली नाही. स्त्रियांत इटलीच्या व्हित्तोरिया बुस्सी हिने २०२३ मध्ये आग्वासकालियेन्तेस येथेच ५०.२६७ किलोमीटर केले, आणि एका तासात पन्नासाची वेस ओलांडणारी ती पहिली स्त्री ठरली. गणित नको म्हणून सायकल घेऊन मैदानावर पळणाऱ्या आमच्या काही विद्यार्थिनींनी हे लक्षात ठेवावे की, या बाईंनी ऑक्सफर्ड विद्यापीठातून गणितातच डॉक्टरेट मिळविली आहे.

येथे कोणी विचारील की, मग आणखी वर का जाऊ नये? तीन हजार, चार हजार मीटर? याचे उत्तर शर्यत किती वेळ चालते यावर आहे. तासाभराच्या प्रयत्नात प्राणवायूची गरज अखंड असते, म्हणून हिशेब करणाऱ्यांच्या मते दोन ते अडीच हजार मीटरच्या पलीकडे तोटा नफ्याला गाठू लागतो. पण एका मिनिटाच्या शर्यतीत स्नायू निम्म्याच्या आसपास काम आपल्याच जवळच्या साठ्यावर उरकतात. त्यासाठी अधिक उंचीचा मोह धरता येतो. फ्रान्सचा आर्नो तूर्नां २००१ साली बोलिव्हियातील ला पास येथे गेला. तेथला मार्ग सुमारे ३,४०० मीटर उंचीवर. त्याने एक किलोमीटर ५८.८७५ सेकंदांत कापला. २००७ मध्ये स्कॉटलंडचा ख्रिस हॉय त्याच मार्गावर तो उच्चांक मोडावयास गेला. सारा प्रवास, सारी तयारी एका मिनिटासाठी. वेळ लागली ५८.८८० सेकंद. एका सेकंदाचे हजार भाग केले तर त्यांतील पाच भागांनी उच्चांक हुकला. त्याने दुसऱ्या दिवशी अर्ध्या किलोमीटरचा वेगळा उच्चांक करून रिकाम्या हाताने परतणे टाळले खरे. पण ज्यासाठी एवढे वर चढला होता ते राहूनच गेले.

एव्हाना दुसरा मुलगा खट्टू झाला असेल. त्याने घाटरस्त्यावर यावे. 'तूर द फ्रान्स' सारख्या शर्यतीत आल्प्स पर्वतातील गालिबिये, इझेरां अशा खिंडी चढाव्या लागतात. पहिली २,६४२ मीटर उंच, दुसरी पावणेतीन हजारांच्या घरात. शंभरास आठ असा चढ, ताशी वीस किलोमीटर वेग. या वेगाला हवेचा अडथळा एकूण कष्टाच्या जेमतेम दहाव्या हिश्शाएवढा असतो. बाकी सारी झुंज स्वतःच्या नि सायकलीच्या वजनाशी. हवा कितीही विरळ झाली तरी वजन काही हलके होत नाही. म्हणजे देणारा हात येथे जवळजवळ रिकामा, आणि काढून घेणारा पुरता भरलेला. शिवाय उंचावर एकदा मर्यादा ओलांडली, की सावरावयास फार वेळ लागतो. खाली ज्या स्वाराने दहा वेळा उसळी घेतली असती तो वर दोनतीनदाच घेऊ शकतो.

२६ जुलै २०१९ रोजी इझेरांच्या चढावर कोलंबियाचा एगान बेर्नाल साऱ्यांना मागे टाकून पुढे गेला, आणि तोवर पिवळा सदरा, म्हणजे अग्रस्थानाची खूण, अंगावर असलेला फ्रान्सचा ज्युलियां आलाफिलिप मागे पडला. त्याच सुमारास खिंडीपलीकडे गारा कोसळल्या, दरड रस्त्यावर आली, आणि शर्यत मध्येच थांबवावी लागली. वेळा खिंडीच्या माथ्यावरच्या धरण्यात आल्या, आणि बावीस वर्षांच्या बेर्नालला सदरा मिळाला. दोन दिवसांनी तो पॅरिसला जिंकला. त्याच्या देशाचा हा पहिलाच विजय. बेर्नाल वाढला तो बोगोताजवळच्या सिपाकिरा गावी, सुमारे २,६५० मीटर उंचीवर. म्हणजे इतरांचे छत ते त्याच्या घराचे अंगण. बालपणापासून अशा हवेत वाढलेल्या देहाला तिचा सराव असतो, हे उघड आहे.

तथापि सारे श्रेय जन्मस्थानाला देणे अन्यायाचे होईल. २०२२ साली याच शर्यतीत गालिबिये ओलांडून ग्रानों खिंडीच्या माथ्यावर, २,४१३ मीटर उंचीवर, एक टप्पा संपला, तेव्हा आदल्या दोन वर्षांचा विजेता, स्लोव्हेनियाचा तादेय पोगाचार, जवळजवळ तीन मिनिटांनी मागे पडला. त्याला मागे टाकणारा योनास विंगेगोर डेन्मार्कचा! त्या देशातील सर्वोच्च टेकडी १७१ मीटरची. आमच्या सत्तरीतील डोंगरांनी तिला मूठभरच म्हटले असते.

सखल देशातला स्वार असा उंचावर कसा टिकतो? येथे देहाची एक मोठी हिकमत आहे. विरळ हवेत पोहोचताच पहिल्या क्षणापासून श्वास जलद होतो. पहिल्या काही दिवसांत रक्तातील पाण्याचा अंश घटतो आणि रक्त थोडे दाट होते. त्याच वेळी मूत्रपिंडांना प्राणवायूची तूट जाणवते, आणि ती एरिथ्रोपोएटिन नावाचे एक द्रव्य रक्तात सोडतात. हे द्रव्य हाडांच्या मगजाला जाऊन सांगते की, तांबड्या पेशी अधिक कर. या निरोपाला वेळ लागत नाही. पण पेशी घडावयास आठवडे लागतात. तीन आठवडे सव्वादोन हजार मीटरच्या आसपास राहिले तर प्राणवायू वाहणारे रक्तद्रव्य साधारण तीनचार टक्क्यांनी वाढते. हे ऐकावयास थोडे वाटते. परंतु ज्या शर्यतीचा निकाल तीन आठवड्यांनंतर काही मिनिटांनी लागतो, तेथे तीन टक्के म्हणजे राज्य.

अडचण अशी की, वर राहून सराव करावा तर शक्तीच कमी पडते, स्नायूंना पुरेसे कष्ट होत नाहीत, आणि रक्त सुधारले तरी पाय मंदावतात. यावर अमेरिकेत लेव्हिन आणि स्ट्रे-गंडरसन या संशोधकांनी धावपटूंवर प्रयोग करून १९९७ साली एक तोड सांगितली. राहावे वर, पळावे खाली. तेव्हापासून तेनेरीफ बेटावरील तेइदे ज्वालामुखीच्या कुशीत, दोन हजार मीटरहून उंच जागी, सायकलस्वारांचे तांडे मुक्कामास असतात. सकाळी खाली उतरून सराव, संध्याकाळी पुन्हा वर निद्रा. त्यातही सर्वांना सारखे फळ मिळत नाही. काहींची झोप उडते, भूक मरते, वजन घटते, आणि ते गेले होते त्याहून अशक्त होऊन परत येतात.

ज्यांना डोंगरावर जावयाचे नाही ते घरात एक तंबू उभारून त्यात यंत्राने प्राणवायू कमी केलेली हवा सोडतात व रात्रभर तेथे निजतात. उत्तेजकांवर नजर ठेवणाऱ्या जागतिक संस्थेने या तंबूंवर बंदी घातलेली नाही. ज्यांनी त्याहून सोपी वाट धरली त्यांनी मात्र एरिथ्रोपोएटिन हे द्रव्यच टोचून घेतले. १९९८ च्या 'तूर' मध्ये एका संघाच्या मोटारीत अशा औषधांचा साठा सापडून मोठी खळबळ उडाली. आणि अमेरिकेच्या लान्स आर्मस्ट्राँगची सात विजेतेपदे २०१२ मध्ये काढून घेण्यात आली. रक्त फाजील दाट झाले तर ते हृदयाला पेलत नाही; म्हणजे ही लबाडी केवळ नियमाशी नव्हे, स्वतःच्या जिवाशीही आहे. तंबू आणि सुई यांत रेषा नेमकी कोठे ओढावी, यावर आमच्या शिक्षकांच्या खोलीत एक संपूर्ण मधली सुट्टी खर्च झाली आणि चहा निवून गेला. आमचे स्वतःचे मत असे की, डोंगर आपल्या देहाला मागतो, आणि देह स्वतःच्या मापाने देतो. सुई मापच विचारीत नाही.

आपल्या माणसांनाही या हवेची ओळख आहे. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंत जाणाऱ्या 'रेस अॅक्रॉस अमेरिका' या शर्यतीत वाळवंट ओलांडून रॉकी पर्वतातील तीन हजार मीटरहून उंच खिंडी चढाव्या लागतात. २०१५ साली नाशिकचे डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी दोघांच्या गटात ती नऊ दिवसांच्या आत पुरी केली. समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास असलेल्या शहरातून जाऊन, झोपमोड सोसत, त्या उंचीवर पायडल मारीत राहणे म्हणजे काय, हे रोहतांगच्या दगडावर बसलेल्या आमच्यासारख्याला थोडेफार कळते.

आता आमच्या दोन विद्यार्थ्यांविषयी. सपाट मार्गावर पहिला खरा आणि घाटात दुसरा खरा, असा निवाडा आम्ही दिला, तेव्हा दोघांचीही निराशा झाली. वादात हार पत्करता येते, पण बरोबरी पचत नाही. पहिल्याचे आजोळ बेळगावी. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटर उंच, म्हणजे तेथली हवा आमच्याहून सात टक्क्यांच्या आसपास विरळ. मे महिन्याच्या सुट्टीत त्याने सायकल मोटारीच्या टपावर बांधून चोर्ला घाटातून वर नेली, एका मैदानाभोवती चार फेऱ्या मारल्या आणि मामाच्या घड्याळाने वेळा मोजून वहीत लिहून आणल्या. गोव्यात त्याने तेवढ्याच अंतराच्या चार फेऱ्या आधीच मारून ठेवल्या होत्या. दुसऱ्या मुलाने ती वही हिसकावून घेतली आणि दोघे आमच्या मेजावर तिच्यावर वाकले. बेळगावच्या चार फेऱ्यांमध्ये आपसातच अकरा सेकंदांचा फरक होता. गणिताने अपेक्षिलेला फरक त्याहून पुष्कळ लहान. तिसऱ्या फेरीला एक म्हैस आडवी आली होती, असेही समासात लिहिले होते. या दिवाळीत दोघेही मिळून बेळगावास जाणार आहेत.